धुराखालची वस्ती : लाउरींचे सॅल्फर्ड

१९२८ सालची गोष्ट. इंग्लंडातील सॅल्फर्ड या गिरण्यांच्या शहरात सेंट सायमन नावाचे एक चर्च होते. ते लवकरच पाडले जाणार आहे, ही वार्ता एका वयस्क कारकुनाच्या कानी आली. घरी येऊन त्याने आपल्या मुलाला सांगितले, की ते चर्च एकदा जाऊन पाहा, तुला ते आवडेल. मुलगा काही लहान नव्हता. चाळीस वर्षांचा, अविवाहित, दिवसा भाडेवसुलीची नोकरी आणि रात्री चित्रकला, असा त्याचा क्रम होता. तो गेला, चर्च पाहिले, त्याचे चित्र केले. महिन्याभराने पुन्हा त्या बाजूला पावले वळली, तेव्हा चर्च जागेवर नव्हते.

हा मुलगा म्हणजे लॉरेन्स स्टीफन लाउरी. आपल्याकडे कोणी हे नाव ‘लॉरी’ असे वाचील. परंतु त्यांच्या गावचे लोक त्याचा उच्चार लाउरी असाच करतात. पुढे इंग्लंडच्या विसाव्या शतकातील सर्वांत लोकप्रिय चित्रकारांत त्यांची गणना झाली. राजघराण्याने देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी १९६८ साली नाकारला, आणि त्याच्या आधी व नंतरही आलेले आणखी काही सन्मान परत पाठवले. या साऱ्यापेक्षा आम्हांला त्यांच्याविषयी ओढ वाटते ती वेगळ्या कारणासाठी. एका माणसाने आपल्या राहत्या वस्तीची चित्रे चाळीस वर्षे काढावीत, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती वस्ती नाहीशी व्हावी, हा अनुभव आपल्यालाही अनोळखी राहिलेला नाही. ज्यांनी आपली आळी, आपले बावखल, आपली केळीची वाडी इमारतींच्या पायाखाली जाताना पाहिली आहे, त्यांना लाउरींच्या चित्रांपुढे परक्यासारखे उभे राहता येणार नाही.

सॅल्फर्ड हे मँचेस्टरचे जुळे गाव. मधून अर्वेल नदी वाहते, तिच्या एका तीरावर मँचेस्टर आणि दुसऱ्या तीरावर सॅल्फर्ड. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या खोऱ्यात सुताच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या. जमिनीखाली दगडी कोळसा होता, वर पाणी होते, जवळच लिव्हरपूलचे बंदर होते. खेडी पाहता पाहता बुजली. गिरणीमालकांना हात हवे होते आणि त्या हातांना रात्री टेकायला जागा हवी होती. म्हणून गिरण्यांच्या सावलीत विटांच्या घरांच्या ओळी उठल्या. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. दार उघडले की थेट रस्ता. काही ठिकाणी तर घरे एकमेकांना पाठ लावून बांधलेली, मागे खिडकीच नाही. फ्रीडरिक एंगल्सच्या वडिलांची भागीदारी असलेली एक गिरणी सॅल्फर्डच्या परिसरातच होती. त्या गिरणीच्या व्यवहारासाठी आलेल्या तरुण एंगल्सने येथील कामगारांच्या स्थितीवर १८४५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो जगभर गाजला. त्याच दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले, दुष्काळ पडला, आणि हजारो आयरिश कुटुंबे समुद्र ओलांडून लँकेशायरच्या गिरण्यांकडे आली. ही माणसे बहुतांशी कॅथॉलिक. १८४८ साली सॅल्फर्डमध्ये सेंट जॉनचे मोठे चर्च पुरे झाले आणि १८५० साली हे गाव एका नव्या कॅथॉलिक धर्मप्रांताचे केंद्र बनले. पेन्टेकॉस्टच्या आठवड्यात तेथे मिरवणुका निघत. प्रॉटेस्टंटांची सोमवारी आणि कॅथॉलिकांची शुक्रवारी. मुलींना त्या दिवशी नवे पांढरे झगे मिळत. धुराने काळवंडलेल्या रस्त्यांतून ते पांढरे झगे चालले असतील, तेव्हा आयांच्या जिवाची कशी घालमेल झाली असेल, ते आपल्या भगिनींना सांगायला नको.

लाउरींचा जन्म मात्र या वस्तीत झाला नाही. १ नोव्हेंबर १८८७ रोजी ते जन्मले ते मँचेस्टरलगतच्या स्ट्रेटफर्ड येथे. वडील रॉबर्ट हे एका मालमत्तेच्या दलालाच्या कचेरीत कारकून, आई एलिझाबेथ उत्तम पियानो वाजवणारी. तिच्या मनात मोठ्या मैफलींची स्वप्ने होती, ती पुरी झाली नाहीत. कुटुंब व्हिक्टोरिया पार्क या झाडांनी वेढलेल्या प्रतिष्ठित भागात राहत होते. ती प्रतिष्ठा खिशाला परवडेना, म्हणून १९०९ साली त्यांना सॅल्फर्डच्या शेजारच्या पेंडलबरी गावी, स्टेशन रोडवरील ११७ क्रमांकाच्या घरात यावे लागले. झाडांच्या जागी धुराडी आली. आईने हा बदल अखेरपर्यंत मनाला लावून घेतला. मुलालाही तो आरंभी रुचला नाही. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे, की प्रथम त्यांना त्या जागेचा तिटकारा होता, काही वर्षांनी सवय झाली, मग गोडी लागली, आणि शेवटी तिने त्यांना पुरते झपाटले.

या झपाटण्याचा आरंभ कोठे झाला, याचीही एक हकीकत ते सांगत. १९१६ च्या सुमारास पेंडलबरी स्थानकावर त्यांची गाडी चुकली. जिना चढून वर येताना समोर ॲक्मे कंपनीची सूतगिरणी दिसली. तिचे दिवे लागले होते, पाळी सुटली होती आणि माणसांचा लोंढा संध्याकाळच्या ओलसर आकाशाखाली बाहेर पडत होता. हे दृश्य त्यांनी सात वर्षे रोज पाहिले होते. त्या दिवशी ते प्रथमच दिसले. चित्रकारांच्या अशा साक्षात्काराच्या गोष्टी आम्ही थोड्या सावधपणे ऐकतो. उतारवयात माणूस आपल्या आयुष्याला गोळीबंद आकार देऊ लागतो, आणि लाउरी तर थट्टेखोर म्हणून प्रसिद्धच होते. तरी एक गोष्ट खरी, की याच काळापासून त्यांच्या वहीत गिरण्या आणि गर्दी दिसू लागते.

त्यांचे शिक्षण कसे झाले, हेही पाहण्यासारखे आहे. दिवसभर नोकरी करून संध्याकाळच्या वर्गांना ते वीस वर्षे जात राहिले. मँचेस्टरच्या कलाशाळेत आडोल्फ व्हालेत नावाचे फ्रेंच शिक्षक होते. पॅरिसमधील नव्या चित्रपद्धतीची वार्ता या गिरण्यांच्या गावात प्रथम त्यांनी आणली, आणि धुक्यात बुडालेल्या मँचेस्टरची सुंदर चित्रेही काढली. हा परदेशी माणूस धुरकट कालव्यांपुढे आपली चित्रफळी घेऊन उभा राहतो, हे पाहून आपल्या गावातही चित्र करण्याजोगे काही आहे, ही जाणीव स्थानिक विद्यार्थ्यांना झाली असली पाहिजे. पुढे लाउरी सॅल्फर्डच्या कलाशाळेत गेले. ती पील पार्क या उद्यानाच्या कडेला होती आणि तिच्या गच्चीवरून अर्वेलचे खोरे, घरांच्या रांगा आणि धुराड्यांचे रान एका दृष्टिक्षेपात येई. उंचावरून खाली पाहण्याची जी सवय त्यांच्या चित्रांत सर्वत्र आढळते, ती या गच्चीची देणगी होय, असे आम्हांला वाटते.

आता त्यांच्या नोकरीविषयी. १९१० साली लाउरी मँचेस्टरच्या पॉल मॉल प्रॉपर्टी कंपनीत भाडेवसुली करणारा कारकून म्हणून लागले आणि १९५२ साली, पासष्टाव्या वर्षी, मुख्य रोखपाल म्हणून पूर्ण निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडले. बेचाळीस वर्षे! लंडनमध्ये त्यांची प्रदर्शने भरू लागली, मोठमोठ्या संग्रहालयांनी चित्रे घेतली, तरी सकाळी कचेरीत जाणे सुटले नाही. ही गोष्ट त्यांनी कलाजगतापासून कसोशीने लपवली. रविवारी फावल्या वेळात रंग लावणारा हौशी माणूस, असा शिक्का आपल्यावर बसेल, ही त्यांना धास्ती होती. १९७६ साली त्यांचे निधन झाल्यावरच हे सर्वत्र माहीत झाले.

या लपवण्याच्या मुळाशी आणखी काही असेल का, असा प्रश्न आमच्या मनात येतो. भाडे वसूल करणारा माणूस हा कामगारवस्तीत कोणाचाच आवडता नसतो. गिरण्यांच्या चाळींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना भाडेवाल्याची वर्दी लागताच दाराआड होणारी माणसे आठवत असतील. लाउरींनी दार ठोठावले म्हणजे आतल्या बाईला आठवड्याचे पैसे मोजून द्यावे लागत. नसले तर कारण सांगावे लागे. एका परीने हा माणूस त्या घरांच्या मालकांचा हात होता. पण त्याच पायपिटीने त्यांना वस्तीची प्रत्येक वळणे दिली. दारात रेंगाळणारी मुले, वाकलेले म्हातारे, भांडणाभोवती जमलेली गर्दी, काठी टेकीत जाणारा लंगडा, हे सारे त्यांनी हिशेबाच्या कागदांमागे आणि लिफाफ्यांवर टिपले. ते या वस्तीचे नव्हते आणि तिच्याबाहेरचेही नव्हते. त्यांच्या चित्रात आपण नेहमी थोडे उंचावर आणि थोडे दूर उभे असतो, एकाही घराच्या आत आपल्याला सहसा प्रवेश मिळत नाही. उंबऱ्यापर्यंत जाऊन परतणाऱ्या माणसाची ही नजर आहे. काही टीकाकारांनी यावरून त्यांना दोष दिला, की यांनी कामकऱ्यांना मुंग्यांसारखे रंगवले, काड्यापेटीतील काड्यांसारखी माणसे केली. आक्षेप अगदीच पोकळ नाही. गिरणीच्या आत घाम गाळणारा माणूस त्यांच्या चित्रांत जवळजवळ नाहीच. पण त्या काड्यांकडे थोडा वेळ पाहावे. प्रत्येकाची चाल निराळी आहे, प्रत्येकाचा पोक निराळा आहे. अशी पारख दुरून पाहणाऱ्याला होत नाही.

त्यांची पांढरी जमीन हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १९२१ साली दोन सहकाऱ्यांबरोबर मँचेस्टरमध्ये त्यांनी चित्रे मांडली, तेव्हा ती फार काळोखी होती. टेलर नावाचे शिक्षक वृत्तपत्रात कलापरीक्षणही लिहीत. त्यांनी प्रदर्शनाची स्तुती केली, परंतु खासगीत सांगितले, की ही चित्रे भिंतीच्या काळोखात बुडून जातात. लाउरींना राग आला. त्या रागाच्या भरात त्यांनी निव्वळ पांढऱ्या जमिनीवर चित्रे केली आणि टेलरना नेऊन दाखवली. टेलर म्हणाले, आता जमले! तेव्हापासून काळा, शेंदरी, गडद निळा, पिवळी माती आणि पांढरा हे पाचच रंग ते आयुष्यभर वापरीत राहिले. पांढरा रंग काळाबरोबर कसा पिकतो हे पाहण्यासाठी त्यांनी एका फळीवर पांढऱ्याचे थर दिले, ती बंद करून ठेवली, आणि कित्येक वर्षांनी नव्या पांढऱ्याशी ताडून पाहिली. जुना पांढरा दुधाच्या सायीसारखा झाला होता. आपली चित्रे आज दिसतात तशी दिसण्यासाठी नाहीतच, ती आपल्या मरणानंतर खरी दिसतील, असे ते म्हणत. त्यांच्या चित्रांत सावल्या पडत नाहीत, ऊन नाही, बहुधा पाऊसही नाही. धुरातून गाळून आलेला एकसारखा फिकट उजेड तेवढा आहे. ज्यांनी त्या गावचा कोळशाचा धूर पाहिला होता त्यांना तो उजेड ओळखता आला. १९५६ साली इंग्लंडात स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि हळूहळू ते आकाशच बदलले. म्हणजे चर्च आणि रस्तेच नव्हे, एका काळचा उजेडही या चित्रांखेरीज कोठे उरलेला नाही.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक अडचण येते. लाउरींची चित्रे ही वस्तीची नोंद म्हणून कितपत धरावीत? काही चित्रे जागेवर जाऊन केलेली आहेत. १९२७ साली रंगवलेली सॅल्फर्डच्या ऑर्ड्सॉल लेनवरील कामगारांची घरे, किंवा आरंभी सांगितलेले सेंट सायमनचे चर्च, ही त्यांपैकीच. परंतु त्यांची पुष्कळशी प्रसिद्ध मोठी चित्रे कोणत्याही एका जागेची नाहीत. १९५० सालचे ‘तळे’ हे चित्र घ्या. त्यात धुराडी आहेत, घरांच्या रांगा आहेत, मध्ये काळपट पाणी आहे आणि मागे स्टॉकपोर्ट गावचा आगगाडीचा उंच कमानींचा पूल आहे. हा पूल सॅल्फर्डपासून कित्येक मैलांवर! कोरा कॅनव्हास पुढे घेऊन कोठून तरी आरंभ करायचा आणि एकेक वस्तू सुचेल तशी मांडीत जायचे, अशी आपली पद्धत ते सांगत. ज्या ॲक्मे गिरणीने त्यांना वाट दाखवली, ती स्वतः विजेवर चालणारी नव्या धर्तीची गिरणी होती. पण त्यांच्या कल्पनेतील गिरणीला धुराडे हवेच.

आमचे मत असे, की या चित्रांना नकाशा समजून चालणार नाही. पण कल्पनाविलास म्हणून बाजूला सारणेही चुकीचे ठरेल. घर कोठे होते हे ती सांगत नाहीत. घर गिरणीच्या किती जवळ होते, रस्ता रुंद असूनही माणसे एकाच बाजूला का झुकलेली असत, गर्दीतही माणूस एकटा कसा चाले, गिरणीपुढे चर्चचा मनोरा किती लहान दिसे, हे ती सांगतात. वस्तीतील परस्परसंबंध त्यांत अचूक उतरले आहेत. नगरपालिकेच्या दप्तरात घरांचे क्रमांक सापडतील, हे सापडणार नाही.

चर्च त्यांच्या चित्रांत वारंवार येते, याचा उल्लेख आमच्या वाचकांसाठी मुद्दाम करतो. ही चर्चे बहुधा आपल्या पंथाची नाहीत, आणि लाउरींना भाविक म्हणण्याचेही धाडस आम्ही करणार नाही. पण गिरणीचे धुराडे आणि चर्चचे शिखर या दोन उभ्या रेषांमध्ये त्यांची वस्ती वसलेली असते. पेंडलबरीचे सेंट ऑगस्टीनचे भव्य चर्च त्यांच्या घरापासून दूर नव्हते, त्याचे रेखाटन त्यांनी केले आहे. १८ जून १८८५ रोजी जवळच्या क्लिफ्टन हॉल कोळसा खाणीत स्फोट होऊन १७८ माणसे व मुले मृत्युमुखी पडली, त्यांतील ६४ जण या चर्चच्या आवारात पुरलेले आहेत. १९४६ साली लाउरींनी डेझी नूक येथील गुड फ्रायडेची जत्रा रंगवली. गुड फ्रायडेला जत्रा, हे वाचून आमच्या काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतील. पण गिरण्यांना वर्षातून ज्या मोजक्या सुट्या मिळत, त्यांत हा एक दिवस होता, आणि युद्धाच्या वर्षांनंतर मोकळ्या हवेत आलेली ती माणसे, त्यांच्या हातांतील रंगीत झेंडे, हे पाहिल्यावर आठ्या टिकणे कठीण आहे.

या कथेत आपल्या देशाचाही एक धागा आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यतः अमेरिकेतून येई. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, कापूस थांबला, सॅल्फर्ड-मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडल्या आणि कामकऱ्यांवर उपासमार ओढवली. त्या वेळी खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलला निघाला आणि मुंबईत पैशांचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपले तसा तो पूरही ओसरला. पण मुंबईत गिरण्या तोवर उभ्या राहू लागल्या होत्या, आणि त्यांची यंत्रे येत होती ती बव्हंशी लँकेशायरमधूनच. ओल्डहॅमच्या प्लॅट बंधूंचे नाव आपल्या गिरणगावात जुन्या माणसांच्या तोंडी होते. १९१३ साली ब्रिटनने सुमारे सात अब्ज यार्ड सुती कापड परदेशी धाडले, त्यातले तीन अब्ज यार्ड एकट्या हिंदुस्थानात आले. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानची स्पर्धा, आणि स्वदेशीची चळवळ यांनी हा बाजार ढासळला. लाउरींचे ‘गिरणीतून परत येताना’ हे विख्यात चित्र १९३० सालचे. मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. त्या वर्षी आपल्याकडे विलायती कापडावर बहिष्कार चालला होता आणि लँकेशायरमध्ये हजारो मागवाले बेकार होते. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले, डार्वेन गावच्या गिरणी कामगारांना भेटले. ज्यांच्या पोटावर पाय आला होता त्या बायांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले, याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. तेव्हा लाउरींच्या चित्रातली ती गर्दी भरभराटीच्या काळातली आहे असा समज करून घेऊ नये. ज्या जगाचे चित्र ते करीत होते, ते तेव्हाच उताराला लागले होते. वॉल्टर ग्रीनवुड यांनी सॅल्फर्डमधील हँकी पार्क या वस्तीतील बेकारीवर कादंबरी लिहिली तीही १९३३ सालीच.

लाउरींच्या घरात याच वर्षांत वेगळा काळोख होता. १९३२ साली वडील वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. आईने अंथरूण धरले ते कायमचे. दिवसा कचेरी, संध्याकाळी आईची शुश्रूषा, आणि ती झोपल्यावर रात्री दहापासून दोन-तीन वाजेपर्यंत चित्रे, असे सात वर्षे चालले. आईला ती चित्रे कधी आवडली नाहीत. १९३९ साली लंडनच्या लेफेव्हर गॅलरीत त्यांचे पहिले प्रदर्शन झाले, सरकारी टेट संग्रहालयाने ऑर्ड्सॉल लेनचे चित्र विकत घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आई गेली. आता मिळालेल्या कीर्तीला काही अर्थ उरला नाही, असे ते नंतर पुष्कळदा म्हणत. १९४८ साली ते पेंडलबरी सोडून टेकड्यांतल्या मॉट्रम गावी राहायला गेले. ते गाव त्यांना आवडत नसे. तरी मरेपर्यंत तेथेच राहिले. असा हा माणूस.

सॅल्फर्डवर पहिला घाव आकाशातून पडला. डिसेंबर १९४० मध्ये नाताळच्या तोंडावर जर्मन विमानांनी मँचेस्टर आणि सॅल्फर्ड भाजून काढले. लाउरी तेव्हा मँचेस्टरमध्ये इमारतींच्या गच्चीवर आगीची राखण करीत, आणि सकाळी धुमसते अवशेष टिपून घेत. दुसरा घाव नगरपालिकेने घातला, आणि तो सद्हेतूने. युद्धानंतर जुन्या वस्त्या साफ करण्याची योजना आली. १९६० च्या दशकात हँकी पार्कच्या गल्ल्याच्या गल्ल्या पाडून तेथे उंच इमारती उठवल्या. १९२१ साली सॅल्फर्डची वस्ती सुमारे २ लाख ३४ हजार होती. १९७१ साली ती १ लाख ३१ हजारांच्या आसपास उरली. हे अन्यायाचेच होते, असे आम्ही म्हणणार नाही. ती घरे ओलसर होती, शौचकूप बाहेर अंगणात, क्षयाने माणसे मरत. नव्या इमारतीत गरम पाण्याचा नळ पहिल्यांदा सोडणाऱ्या गृहिणीला जुन्या गल्लीचे गोडवे ऐकवणे हे आपल्यासारख्या लांबच्या माणसांचे काम नव्हे. पण घर पाडताना त्याबरोबर कोपऱ्यावरचे दुकान, शाळा, शेजार आणि कित्येक चर्चेही गेली. गल्लीतील माणसे एकाच ठिकाणी नेऊन वसवली गेली नाहीत, ती निरनिराळ्या दिशांना पांगली. धर्मग्राम हा भिंतींचा नसून माणसांचा असतो असे आपण म्हणतो. माणसे पांगल्यावर त्याचे काय होते, ते अशा शहरांत दिसते.

लाउरींनी या पाडापाडीविरुद्ध झेंडा उभारला नाही. त्यांचा हात मात्र त्या विषयावरून उठत गेला. उतारवयात त्यांनी एकेकटी माणसे रंगवली, आणि ईशान्य किनाऱ्यावरचा समुद्र रंगवला, ज्यात नाव नाही, माणूस नाही, वर पांढरे आणि खाली पांढरे. त्यांच्या भोवती जमलेल्या तरुणांत सॅल्फर्डचेच हॅरल्ड रायली हे चित्रकार होते. त्यांनी आपल्या शहराची चित्रे काढण्याचे काम २०२३ साली निधन होईपर्यंत चालू ठेवले.

२३ फेब्रुवारी १९७६ रोजी लाउरी वारले. पेंडलबरीची ॲक्मे गिरणी १९८४ साली पाडली गेली. सॅल्फर्डची गोदी १९८२ साली बंद झाली. आपल्या गिरणगावचा संपही त्याच वर्षीचा. त्या गोदीच्या पाण्याकाठी २००० साली ‘द लाउरी’ नावाचे चकचकीत कलामंदिर उघडले आणि सॅल्फर्डच्या नगरसंग्रहालयाने वर्षानुवर्षे जमवलेली चारशेच्या आसपास चित्रे व रेखाटने तेथे गेली. चित्रांचे मोल किती चढले, याचे एकच उदाहरण पुरे. १९५३ साली त्यांनी बोल्टन गावच्या मैदानावर सामना पाहायला निघालेल्या गर्दीचे चित्र केले होते. फुटबॉल खेळाडूंच्या संघटनेने ते १९९९ साली १९ लाख पौंडांना घेतले. २०२२ साली पुन्हा लिलाव झाला, तेव्हा एका देणगीच्या आधाराने ‘द लाउरी’ने ते ७८ लाख पौंडांना विकत घेतले, म्हणून ते लोकांना पाहण्यासाठी खुले राहिले. चित्रातले बर्नडेन पार्क हे मैदान १९९७ साली बंद झाले, आणि त्या जागी मोठा बाजार उभा राहिला.

सेंट ऑगस्टीनचे चर्च मात्र पेंडलबरीत अजून आहे. खाणीतील त्या ६४ जणांच्या कबरीही तेथेच आहेत.